चाळीतली खोली आणि गावाकडचे घर

गिरगाव, दादर, परळ, लालबाग ह्या परिसरातील मराठी कुटुंबांपुढे आज एक प्रश्न वारंवार उभा राहतो. दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्या नांदत आहेत, मुलाचे लग्न ठरले आहे आणि त्याच परिसरात दुसरी खोली घेण्याची ऐपत नाही. अशा वेळी कोणीतरी सुचवतो, 'वांगणीला घ्या, सफाळ्याला घ्या, आसनगावला घ्या. लोकल आहेच. हवा चांगली, घर मोठे, किंमत आवाक्यातली.' सल्ला चुकीचा नाही, परंतु तो अपुरा आहे. घर गावाकडे आणि नोकरी शहरात हे गणित केव्हा जुळते आणि केव्हा फसते, ह्याचा विचार ह्या लेखात करावयाचा आहे.

गिरणगावाने पाहिलेली वाट

शहरात नोकरी आणि गावात घर ही कल्पना गिरणगावाला नवी नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा येथून आलेला गिरणी कामगार मुंबईत खोलीचा वाटेकरी असे. तो खानावळीत जेवत असे आणि कुटुंब गावी ठेवत असे. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती खलाशांनी व आचाऱ्यांनी धोबीतलाव-गिरगाव भागात आपापल्या गावाच्या नावाने 'कुड' चालवले, तेही ह्याच कारणाने. तेव्हाची पद्धत अशी, की माणूस वर्षातून एकदा-दोनदा घरी जाई. आज त्याच माणसाच्या नातवाला रोज रात्री घरी जायचे आहे. म्हणून अंतराचा प्रश्न निर्माण होतो.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी झाले होते. संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एक भाग मोकळ्या जागेसाठी व एक भाग परवडणाऱ्या घरांसाठी ठेवावा असे ठरवले होते. २००१ मध्ये नियमात असा बदल झाला, की हा हिस्सा संपूर्ण जमिनीतून नव्हे, तर केवळ रिकाम्या जमिनीतून काढला जाऊ लागला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. परिणामी घरांसाठी मिळणारी जागा फारच आक्रसली. २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरांची पहिली सोडत काढली, परंतु अर्जदारांची संख्या लाखाच्या पुढे होती.

उरलेल्यांना घरे द्यायची कुठे? ह्याचे उत्तर शासनाने हळूहळू शहराबाहेर शोधले. २०१६ मध्ये पनवेलजवळील कोन येथील घरांची सोडत निघाली. मार्च २०२४ मध्ये शेलू आणि वांगणी येथे सुमारे ८१ हजार घरे देण्याचा निर्णय झाला. ह्या निर्णयाला कामगार संघटनांनी तीव्र विरोध केला. ९ जुलै २०२५ रोजी आझाद मैदानात गिरणी कामगार व त्यांचे वारस एकत्र आले. आम्हांला घर मुंबईतच हवे, ही त्यांची मागणी होती. वरवर पाहता ती हट्टाची वाटेल. शेलू-वांगणीची हवा परळहून खचितच चांगली आहे. मग ते नको का म्हणतात, हे समजून घेतले म्हणजे आपल्यालाही स्वतःच्या घराचा निर्णय नीट घेता येईल.

किलोमीटर नव्हे, तास मोजा

जाहिरातीत 'स्टेशनपासून पाच मिनिटे' असे लिहिलेले असते. ती पाच मिनिटे पायी की मोटारीने, हे लिहिलेले नसते. विरार चर्चगेटपासून सुमारे ६० किलोमीटर आहे आणि डहाणू रोड सुमारे १२४ किलोमीटर. मध्य रेल्वेवर कर्जत सुमारे १००, तर कसारा सुमारे १२१ किलोमीटर आहे. मात्र रोज प्रवास करणाऱ्याला किलोमीटरचा उपयोग नाही.

समजा, शेलूला राहणारी व्यक्ती लोअर परळला नोकरी करते. घरून स्टेशन आणि गाडीची प्रतीक्षा ह्यांत अर्धा तास, गाडीत दादरपर्यंत दीड तास, पुढे गाडी बदलून व चालून आणखी अर्धा तास. एका बाजूस अडीच तास, म्हणजे दिवसाला पाच. महिन्यातील पंचवीस कामाच्या दिवसांचे सव्वाशे तास होतात. हे पाच अहोरात्रींहून अधिक झाले. घराची किंमत ठरवताना हे तास कोणी धरत नाही, पण ते कोणाच्या तरी वाट्याचे असतात. ते मुलाच्या अभ्यासाचे, आजारी आईजवळ बसण्याचे किंवा स्वतःच्या झोपेचे असतात. नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तर पहाटेचा स्वयंपाक आणि रात्रीचा स्वयंपाक ह्यांच्यामध्ये झोप तेवढी उरते.

दुसरी गोष्ट गाड्यांच्या संख्येची. विरारपर्यंत गाड्या पाठोपाठ सुटतात. विरारच्या पुढे वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर ह्या मार्गावर उपनगरी सेवा १६ एप्रिल २०१३ पासून डहाणूपर्यंत सुरू झाली. तथापि तेथील दोन मार्गांवरूनच लांब पल्ल्याच्या आणि मालगाड्याही धावत आल्या आहेत, म्हणून लोकल मोजक्याच. चौपदरी मार्गाचे काम हाती घेतलेले आहे. ते पूर्ण होईल तेव्हा स्थिती सुधारेल, पण घर आजच्या वेळापत्रकावर घ्यावे, उद्याच्या घोषणेवर नव्हे. कल्याणच्या पुढे कर्जत आणि कसारा ह्या दोन्ही फाट्यांवर असाच अनुभव येतो. एक गाडी चुकली, तर पुढची दहा मिनिटांनी येईलच असे नाही.

पावसाळ्याचाही विचार हवा. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा परिसरात रुळांवर पाणी साचून पश्चिम रेल्वेची सेवा खंडित झाली होती. शहरात राहणारा माणूस अशा दिवशी चालत घरी पोहोचतो. वांगणीच्या माणसाला रात्र फलाटावर काढावी लागते.

खोली सोडण्यापूर्वी

गावाकडे घर घेण्यासाठी पैसा बहुधा पागडीची खोली सोडूनच उभा राहतो. येथे घाई करू नये. आपली इमारत उपकरप्राप्त आहे का, हे आधी पाहावे. १९६९ पूर्वीच्या बहुतेक जुन्या चाळी उपकरप्राप्त आहेत. अशा इमारतीचा पुनर्विकास झाल्यास पात्र भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे घर मालकीने मिळण्याची तरतूद आहे. बी.डी.डी. चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचे घर देण्याचे ठरले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळी येथे पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. अर्थात पुनर्विकास म्हणजे उद्याच घर असे नव्हे. संक्रमण शिबिरात वर्षानुवर्षे अडकलेली कुटुंबेही ह्याच शहरात आहेत. म्हणून दोन्ही बाजू तोलाव्यात. इमारतीचा प्रस्ताव खरोखर किती पुढे गेला आहे, हे म्हाडाच्या कार्यालयात विचारावे, चाळीतल्या चर्चेवर विसंबू नये. एकदा सोडलेली खोली परत मिळत नाही.

कागद बोलतात

स्वस्त घर स्वस्त का आहे, हा पहिला प्रश्न विचारावा. अंतरामुळे स्वस्त असेल तर हरकत नाही. परवानगी नसल्यामुळे स्वस्त असेल, तर ते स्वस्त नव्हेच.

ह्याची किंमत लोकांनी मोजली आहे. नालासोपारा पूर्वेस सांडपाणी प्रकल्प व कचराभूमीसाठी राखीव जमिनीवर उभ्या राहिलेल्या ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडण्यात आल्या. जानेवारी २०२५ मध्ये तेथील कुटुंबे सामानासह रस्त्यावर आली. त्यांतील पुष्कळांनी पैसे मोजून घर घेतले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला एक अनधिकृत इमारत कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट परवानगीपत्रे दाखवून महारेराची नोंदणीही मिळवली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. म्हणजे महारेराचा क्रमांक आवश्यक आहे, पण तेवढ्याने भागत नाही.

म्हणून पुढील गोष्टी स्वतः तपासाव्यात. सातबारा उतारा व फेरफार पाहून जमीन कोणाच्या नावे आहे आणि तिच्यावर कोणता बोजा आहे, हे समजून घ्यावे. जमीन निवासी वापराची आहे का आणि कोणत्या आरक्षणाखाली येते, हे विचारावे. बांधकाम परवानगीची प्रत विकासकाकडून घ्यावी आणि ती देणाऱ्या कार्यालयात जाऊन ताडून पाहावी. केवळ ग्रामपंचायतीची घरपट्टी लागली, म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही. तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागावे. राष्ट्रीयीकृत बँक कर्ज देण्यास तयार नसेल आणि विकासक 'रोखीने द्या, सवलत देतो' म्हणत असेल, तर तेथून उठून यावे. वकिलाला दिलेले काही हजार रुपये येथे वाया जात नाहीत.

ज्यांना खाजगी विकासकाचा भरवसा वाटत नाही, त्यांनी म्हाडाच्या कोकण मंडळाच्या सोडतींकडे लक्ष ठेवावे. विरार-बोळींज, खोणी, शिरढोण येथील घरे ह्याच मंडळाची. बोळींजची अनेक घरे पाण्याच्या टंचाईमुळे दीर्घ काळ विकली गेली नव्हती, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. कागद स्वच्छ असले, तरी नळाला पाणी हवे. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. म्हणून घर पाहायला जाल तेव्हा एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलैत जा.

ती जमीन कोणाची?

काही जण सदनिकेऐवजी 'दोन गुंठे घेऊन छोटे घर बांधू' असा विचार करतात. येथे आणखी सावध राहावे लागते. महाराष्ट्रात शेतजमीन सामान्यतः शेतकऱ्यालाच विकत घेता येते. शेतजमिनीचे छोटे तुकडे पाडून विकण्यावरही निर्बंध आहेत. त्यांत अलीकडे काही सवलती दिल्या गेल्या असल्या, तरी त्या सर्वत्र लागू नाहीत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे तालुके आणि लगतचा बराचसा प्रदेश आदिवासींचा आहे. वारली, कातकरी, ठाकूर, कोकणा ह्या समाजांची जमीन बिगर-आदिवासीला शासनाच्या मंजुरीवाचून हस्तांतरित करता येत नाही. जमीन महसूल संहितेतील कलम ३६ अ त्यासाठीच आहे. तरीही कुलमुखत्यारपत्र, साठेखत, नव्व्याण्णव वर्षांचा करार अशा आडवाटांनी हे व्यवहार सुचवले जातात. असा व्यवहार कायद्याने टिकत नाही, हे एक कारण झाले. दुसरे कारण आपल्या सदसद्विवेकाचे आहे. गिरणगावातून विस्थापित झालेल्या कुटुंबाने आपले घर दुसऱ्या एखाद्या कुटुंबाला विस्थापित करून उभारावे, हे कोणत्याही भाविकाला शोभणारे नाही.

वसईचा धडा

गाव म्हणून आपण जेथे जातो, ते गाव किती काळ गाव राहणार, हाही विचार करावा. वसईकर पिढ्यान् पिढ्या गावात राहून मुंबईत नोकरी करीत आले. भाजी, फुले, केळी घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला जाणाऱ्या स्त्रिया ह्या तर गिरणगावाच्याही परिचयाच्या. पुढे १९८०-९० च्या दशकांत शहराची गर्दी वसई-विरारकडे वळली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या नेतृत्वाखालील हरित वसई चळवळीने अनिर्बंध बांधकामाविरुद्ध आवाज उठवला. ३ जुलै २००९ रोजी येथे महानगरपालिका आली. बावखले बुजली, वाड्या विकल्या गेल्या आणि स्वस्त घरासाठी येथे आलेल्यांची मुले आता सफाळे-पालघरकडे घर शोधू लागली आहेत. नव्याने आलेल्यांचा ह्यात दोष नाही, त्यांना घर हवेच होते. पण गावात राहायला जाणाऱ्याने गावाची विहीर, ओढा आणि ग्रामसभा हीही आपलीच मानली, तर हा इतिहास तंतोतंत पुन्हा घडणार नाही.

निर्णय कसा घ्यावा

सरळ सल्ला द्यायचा तर असा, की विकत घेण्यापूर्वी भाड्याने राहून पाहावे. जून ते सप्टेंबर असे चार महिने पुरेत. ह्या काळात घरातील प्रत्येकाचे गणित वेगळे मांडावे. नोकरी करणाऱ्याचे तास, मुलांची शाळा, वृद्धांसाठी रात्री उपलब्ध होणारा डॉक्टर, दोघे कमावते असतील तर दोघांचाही प्रवास. समजा, शेअर रिक्षाला रोज येता-जाता चाळीस रुपये लागतात. दोघांचे महिन्याला दोन हजार झाले. ते कर्जाच्या हप्त्यात मिळवून पाहावेत. ज्याला आठवड्यातून दोन-तीन दिवसच कचेरीत जावे लागते, किंवा ज्याची निवृत्ती जवळ आली आहे, त्याला वांगणी वा सफाळे निश्चितच सुखाचे ठरू शकते. रोज दोन पाळ्यांत काम करणाऱ्या परिचारिकेला किंवा हॉटेल कामगाराला विरार-बदलापूरपर्यंतचे लहान घर अधिक हितकारक ठरेल.

आणि एक साधी गोष्ट. जेथे घर घेण्याचा विचार आहे, तेथील धर्मग्रामात एका रविवारी जाऊन यावे. मिस्सानंतर आवारात भेटणारी माणसे पाणी, वीज, शेवटची गाडी आणि विकासकाची कीर्ती ह्यांबद्दल जे सांगतील, ते कोणत्याही जाहिरातीत सापडणार नाही. पुढे तीच आपली शेजारीण आणि तोच आपला शेजारी होणार आहे. चाळ सोडताना माणूस भिंतींपेक्षा शेजारालाच अधिक मुकतो. म्हणून नव्या घराच्या भिंती पाहण्याआधी शेजार पाहून यावा.