दोन मुठींवरचे दोन दिवे

१९९३ च्या सप्टेंबरअखेरीस किल्लारीला भूकंप झाला. त्यानंतर कितीतरी रात्री आम्ही भूममध्ये घराबाहेर अंथरुणं टाकून झोपलो. पहाटे मी दचकून उठलो की आजी वर बोट दाखवायची, "ते बघ तिकांडं. कलंडलं की उजाडतंय." मृगाच्या पोटातल्या त्या तीन ताऱ्यांशी माझी ओळख अशी झाली. जमीन हलली तरी तिकांडं रोज आपल्या वेळेला येई.

आता मी शाळेत विज्ञान शिकवतो. हिवाळ्यात अमावास्येजवळच्या शनिवारी सहा इंची आरशाची दुर्बीण घेऊन माळावर जातो. पोरं येतात, त्यांच्या आज्या येतात, खव्याची भट्टी विझवून दमलेली माणसंही येतात. बॅटरीला लाल जिलेटिन बांधायचं, कारण डोळे अंधाराला सरावायला २० मिनिटं तरी लागतात.

दुर्बिणीआधी मी मूठ शिकवतो. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश. उत्तरेला ध्रुव दोन मुठींहून किंचित खाली दिसतो. गावाचे अक्षांश जितके, तितकीच ध्रुवाची उंची. आपलं भूम साडेअठरा अंशांवर. मग पाठ फिरवायची. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला जवळपास तेवढ्याच उंचीवर अगस्ती असतो. दिल्लीत तो जेमतेम ९ अंश चढतो, लंडनला उगवतच नाही. दोन्ही तारे सारख्या उंचीवर दिसणं, हे आपल्या अक्षांशाचं देणं. अगस्तीचा आज दिसणारा उजेड सुमारे ३१० वर्षांपूर्वी निघाला, तेव्हा बाळाजी विश्वनाथ पेशवे होते, हे सांगितलं की पोरं गप्प होतात.

पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणते आहे. आपल्या माळावर तशी संस्था नाही. पण अंधार आहे आणि आभाळ पाठ असलेली म्हातारी माणसं आहेत. मी सप्तर्षी म्हणालो, तर एक आजी म्हणाल्या, "ह्ये तर बाजलं. चार खूर, अन् मागं तीन चोर." तेव्हापासून पोरांच्या वहीत दोन रकाने आहेत: पुस्तकातलं नाव आणि आजीचं नाव. दोन्ही भरल्याशिवाय निरीक्षण पुरं होत नाही. आज्या गेल्या की दुसरा रकाना कोण भरणार, म्हणून मला घाई आहे.

त्याच आजींना मी दुर्बिणीतून तिकांड्याखालचा धुरकट ठिपका दाखवला. तो तेजोमेघ, सुमारे १३०० प्रकाशवर्षं दूर. तिथे नवे तारे जन्मतात. त्या बराच वेळ वाकून पाहत राहिल्या. "जल्मभर ह्याच्याकडं बघून जात्यावर बसले," त्या म्हणाल्या, "त्याच्या घरात पाळणा हालतोय, ते आज कळलं."