फिरत्या कारागिराचे हत्यार



गवंडी आपली थापी हातात तोलून पाहतो. केवळ दुकानदाराच्या शब्दावर ती घेत नाही. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारा हाही कारागीरच होय, आणि लॅपटॉप हे त्याचे हत्यार. कुळगावाहून रोज गाडी धरून ठाणे-ऐरोलीकडे जाणारे असे कारागीर आपल्यांत थोडे नाहीत. प्रवासात काम करावयाचे तर हे हत्यार कसे पारखावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

पहिली पारख वजनाची. १९८१ साली अमेरिकेत निघालेल्या 'ऑस्बोर्न-१' या फिरत्या संगणकाचे वजन सुमारे ११ किलो होते, आणि त्यात बॅटरीच नव्हती! आज सव्वा-दीड किलोत चांगले यंत्र मिळते. लोकलच्या गर्दीत उभ्याने जाणाऱ्याच्या खांद्याला अर्ध्या किलोचा फरकही कळतो.

दुसरी पारख बॅटरीची. तिची साठवण वॅट-तासांत मोजतात. बॅटरी ६० वॅट-तासांची आणि यंत्राची भूक १० वॅटची, तर ते ६ तास चालेल. परंतु लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरविताना तीच भूक ३० वॅटवर गेली, तर २ तासांतच कारभार आटोपतो. म्हणून जाहिरातीतील तासांवर न भुलता वॅट-तास विचारावेत. विमानाने जाणाऱ्याने १०० वॅट-तासांच्या आत राहावे. त्यापुढे विमान कंपनीची परवानगी लागते.

तिसरी पारख स्मृतीची, म्हणजे रॅमची. या कामाला ८ गिगाबाइट अपुरे पडतात. १६ तरी असावेत. पुष्कळशा हलक्या यंत्रांत रॅम डाख देऊन पक्की बसविलेली असते, मागाहून वाढविता येत नाही. तेथे आज केलेली काटकसर उद्या सबंध यंत्राच्या किमतीला पडते.

चौथी गोष्ट नेटची. पुण्याची गाडी कर्जत सोडून घाटातील बोगद्यांत शिरली, की नेट तुटते. ज्याचे सारे काम दूरच्या संगणकावर चालते, त्याचे हात तेथेच थांबतात. तेव्हा नेटवाचूनही काम पुढे नेईल, असेच यंत्र घ्यावे.

आता शेवटचे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. गिरणीचा माग कुणी घरी आणीत नव्हता. लॅपटॉप मात्र घरी येतो, आणि काम त्याच्यामागून येते. गाडीत काम केलेला तास हा कामाचाच तास होय. तो हिशेबात धरला जावा. यंत्र उघडण्यापूर्वी चार गोष्टी पारखा, आणि ते मिटविण्याचा हक्क आपल्या हाती ठेवा.