बैठक, स्टिअरिंग आणि पेडल

मोटार घ्यावयाची म्हणजे तयार घ्यावयाची, अशी आपली समजूत असते. इंग्लंडात मात्र सुटे भाग आणून मोटार घरी जुळवण्याची हौस जुनी आहे. ‘लोटस सेव्हन’ ही छोटी उघडी मोटार १९५७ साली निघाली, ती अशीच सुट्या भागांत मिळे. तयार मोटारीवर तेथे खरेदीकर होता. घरी जुळवली तर तो वाचत असे. १९७३ साली त्या कराच्या जागी मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत गेली. हौस राहिली.

अशी मोटार जुळवणारा मनुष्य बहुधा स्टिअरिंगचे चाक आधी बसवतो. ते हातात आले की मोटार झाल्यासारखी वाटते ना! पण खरी सुरुवात खुब्यापासून करावयाची असते. मोटारींचे आराखडे काढणारे तज्ज्ञही माणसाच्या खुब्याचा सांधा कोठे येणार हा बिंदू आधी ठरवतात आणि बाकीची मापे त्यावरून घेतात. म्हणून प्रथम बैठक. तीही बोल्टांनी आवळावयाची नाही, नुसती लाकडी ठोकळ्यांवर ठेवावयाची. ज्याला चालवावयाची त्यानेच, नेहमीची पादत्राणे घालून, तिच्यावर बसावे. गादी जी घालणार तीच हवी. माणूस बसला की गादी दबते आणि माप बदलते.

मग पेडल. क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताठ झाला तर जोर उरत नाही आणि कंबर पुढे घसरते. चाक शेवटी. खांदे पाठीला टेकवून हात लांब करावा. मनगट चाकाच्या वरच्या कडेवर टेकले की अंतर बरोबर.

हे झाले पुढे-मागे. खरी अडचण आडवी आहे. लहान मोटारीत एका बाजूला गिअरबॉक्सचा फुगवटा, दुसऱ्या बाजूला गाडीची भिंत किंवा पुढच्या चाकाची जागा, आणि मधल्या बोळात तीन पेडल. ती सरकतात एकीकडे, चाक राहते दुसरीकडे. गवंड्याचा ओळंबा चाकाच्या मध्यातून सोडला आणि बैठकीच्या मध्यावर खडूची रेघ ओढली, तर किती फरक आहे ते लगेच दिसते. दोन इंचांचा फरक अर्ध्या तासात जाणवत नाही. पण कंबर एकीकडे, खांदे दुसरीकडे, पाय तिसरीकडे अशी बसण्याची सवय दिवसभराची झाली की मणक्याला तो पीळ सोसावा लागतो.

चाक सरकवावे म्हटले तर दांड्यातला सांधा वाकतो. एकच सांधा ३० अंशांत वाकवला, तर हात एकसारखा फिरवूनही पुढचा दांडा एकसारखा फिरत नाही. दर अर्ध्या फेऱ्यात त्याचा वेग ०.८७ पटीपासून १.१५ पटीपर्यंत जाऊन परत येतो. स्टिअरिंग कोठे जड, कोठे हलके लागते. उपाय म्हणजे दोन सांधे घ्यावयाचे, दोन्हींचा कोन सारखा ठेवावयाचा, आणि मधल्या दांड्याच्या दोन्ही टोकांचे चिमटे एका पातळीत आणावयाचे. ब्रेकच्या पेडलाची दांडी तापवून वाकवणे हा तर भलताच धंदा. त्यावर सर्वांचा जीव असतो. त्यापेक्षा बैठक सरकवावी.

ही हौशी मंडळींची गोष्ट आम्हांला जवळची वाटते, कारण आपल्याकडचे ट्रक वर्षानुवर्षे असेच जुळवले गेले. कारखान्यातून चासी यायची, तिच्यावर इंजिन, स्टिअरिंग आणि पेडल. केबिन आणि बैठक बांधायचा तो बॉडीच्या कारखान्यातला सुतार. म्हणजे तीन बिंदूंपैकी दोन एकाने ठरवले, तिसरा दुसऱ्याने. हौशी मोटारवाला निदान स्वतःच बसून पाहतो. ट्रकवर बसणारा तिसराच, आणि त्याला कोणी विचारलेले नसते. आता कारखान्यातूनच तयार केबिन येऊ लागल्या आहेत, ही चांगली गोष्ट आहे.

आमच्या युनियनचा एक ड्रायव्हर कायम डाव्या मांडीखाली पोत्याची घडी घेऊन बसे. कंबर धरते म्हणे. आम्ही ओळंबा लावला. बैठक चाकाच्या मध्यापासून अडीच इंच दाराकडे निघाली. क्लीनरच्या बाकाला जागा करताना सुताराने ती सरकवली होती. चाकासमोर यायला हा गृहस्थ बैठकीच्या डाव्या कडेवर बसे, आणि कड खचली म्हणून खाली पोते. मालक म्हणाला, “आठ वर्षे चालवतोय, आजच काय झाले?” आम्ही वाद घातला नाही, त्यालाच तेथे बसवले आणि क्लच दाबावयास सांगितले. मग तो तयार झाला. चार नवी भोके पाडून बैठक आवळण्यास एक दुपार लागली. बाक अडीच इंचांनी लहान झाला, त्यावर क्लीनर थोडा कुरकुरला. पोत्याची घडी ड्रायव्हरने पुढे महिनाभर काढली नाही.