बँडसॉ चालवताना बोटं कुठे ठेवायची?

मैत्रिणींनो, लाकूडकाम करणाऱ्या घरांत कामाची वाटणी ठरलेली असते. कापणं-कातणं पुरुषांनी, घासकाम आणि रंगकाम बायकांनी. पण गटाची ऑर्डर आली, घरचा माणूस बाहेरगावी गेला, की पोळपाट कापायचे कोणी? मग घरातली बाईच यंत्रापाशी उभी राहते, आणि बहुतेक वेळा नुसतं बघून बघून शिकलेली असते. बाईने यंत्र चालवावं का, हा प्रश्न आता मागे पडला. तिला ते कोणी नीट शिकवलं का, हा खरा प्रश्न आहे. म्हणून या अंकात बँडसॉबद्दल.

बँडसॉ म्हणजे पट्ट्याची करवत. वर एक चाक, खाली एक चाक, आणि पायाच्या शिलाई मशीनचा पट्टा फिरतो तसं त्या दोन चाकांवरून फिरणारं दातेरी पातं. मध्ये टेबल. पात्याचे दात खालच्या दिशेला असतात, म्हणून पातं लाकडाला टेबलावर दाबून धरतं. गोल चकतीच्या करवतीत लाकूड उसळून अंगावर येण्याची भीती असते, तशी इथे फारशी नसते. आवाजही त्या मानाने कमी. त्यामुळे हे यंत्र गरीब वाटतं, आणि नेमका तिथेच घोटाळा होतो. घरगुती कामाच्या १४ इंची बँडसॉचं पातं एका सेकंदात साधारण ५० फूट धावतं. गोठवलेला मोठा मासा आणि हाडासकट मटण कापायलाही याच जातीचं यंत्र वापरतात. आपलं बोट त्याच्या हिशेबात काहीच नाही.

आपल्याला विळीची सवय असते. विळीचं पातं जागेवर, आणि हात भाजी घेऊन पात्याकडे जातो. शेवटचा तुकडा कापताना अंगठा पात्याच्या अगदी जवळ नेऊन आपण थांबतो, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने बरोबर थांबतो. बँडसॉवरही लाकूड हातानेच पात्याकडे ढकलायचं असतं, म्हणून हात आपोआप विळीसारखा चालायला लागतो. पण विळीवर कापायचा जोर आपला असतो. आपण थांबलो की कापणं थांबलं. इथे जोर मोटरचा आहे. लाकूड संपत आलं की समोरचा विरोध एकदम नाहीसा होतो, ढकलणारा हात पुढे जातो, आणि पुढे पातं असतं. कापाची सुरुवात सगळ्याच जपून करतात. धोका शेवटच्या दोन इंचांत जास्त असतो, कारण तोवर मन निवांत झालेलं असतं.

म्हणून बोटांचा नियम असा. पात्याच्या रेषेत, म्हणजे पातं जिथून लाकूड चिरत येणार आहे त्या ओळीत, बोट किंवा अंगठा कधीच ठेवायचा नाही. हात त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना. नवशिकीने पात्यापासून एक वीत अंतर राखावं. हात सरावला तरी तीन इंचांच्या आत बोट न्यायचं नाही. त्याहून जवळ जायची वेळ आली की हातात ढकलकाठी घ्यायची. फूटभर लांबीची पट्टी, टोकाला लाकूड अडकेल अशी खाच, एवढंच तिचं रूप. पात्याने चावा घेतला तर काठीचा घेऊ दे, दुसरी करायला पाच मिनिटं लागतात. ती यंत्रालाच दोरीने टांगून ठेवा. शोधायला लागली तर कोणी शोधत नाही, हा अनुभव आहे.

टेबलाच्या वर पात्याला धरून ठेवणारं एक गाइड असतं, त्याच्यासोबत पातं झाकणारा गार्ड असतो. तो वर-खाली सरकवता येतो. लाकडाच्या जाडीप्रमाणे तो दर वेळी खाली आणायचा, लाकूड आणि गाइड यांत पाव इंच फट राहील इतका. बऱ्याच ठिकाणी तो एकदा वर केलेला असतो तो तसाच, 'रेष दिसत नाही' म्हणून. एक इंची फळी कापताना सहा इंच पातं उघडं ठेवलं तर पाच इंच पातं उगाच हाताची वाट बघत राहतं. शिवाय पातं वाकडं पळतं आणि कापही बिघडतो. म्हणजे गार्ड खाली असेल तर माल चांगला निघतो, हेही घरच्यांना सांगता येईल. सुरक्षेसाठी न ऐकणारी माणसं मालासाठी ऐकतात.

आता पदर, बांगड्या आणि मंगळसूत्र. यावर प्रशिक्षणात सगळ्यात जास्त कुजबुज होते, म्हणून सरळ लिहिते. मोकळा पदर यंत्रापाशी चालणार नाही. साडी असेल तर पदर घट्ट खोचून वरून कंबरेशी बांधलेला एप्रन घाला, ड्रेस असेल तर ओढणी काढून ठेवा. केसांचा अंबाडा, वेणी पाठीवर सोडलेली नको. बाही सैल नको. बांगड्या आणि अंगठी काढायची, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत किंवा काढून डबीत. 'काचेच्या बांगड्या कशा उतरवू, सासूबाई काय म्हणतील?' हा प्रश्न येतोच. सासूबाईंना एकदा यंत्रापाशी उभं करून चालू पात्यात चिंधीचं टोक ढकलकाठीने सरकवून दाखवा, म्हणजे जास्त बोलावं लागत नाही. अगदीच जमत नसेल तर यंत्रावर दुसरीने बसावं, गटात कामं वाटून घेता येतात. बांगड्या मागे सारून वर रुमाल बांधणे हा उपाय नाही. रुमालाचं टोकही अडकतं.

हातमोजेसुद्धा कापताना घालायचे नाहीत. हे ऐकून नवल वाटतं, पण मोज्याचा धागा दातात अडकला की तो हाताला सोबत घेऊन जातो. मोजे घालायचे ते पातं बदलताना. गुंडाळलेलं पातं सोडवताना ते स्प्रिंगसारखं उसळतं आणि दात सगळीकडे लागतात. डोळ्यांना चष्मा मात्र कायम हवा, आणि नाका-तोंडावर मास्क. लाकडाच्या भुशाने नुसती शिंकच येते असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात ठेवली आहे. टेबलावरचा भुसा हाताने झाडू नका. यंत्र थांबल्यावर ब्रशने झाडा. आणि भुशाचं पोतं चुलीजवळ ठेवू नका.

गोल लाकडाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्या कामात लाटणी आणि खेळण्यांचे गोल भाग फार. गोल दांडा टेबलावर नुसता धरून आडवा कापायला गेलं तर दात त्याला पकडून गरकन फिरवतात, आणि धरणारी बोटं त्याच्यासोबत ओढली जातात. पातंही तुटू शकतं. दोन पट्ट्या तिरक्या जोडून पन्हळीसारखा साचा करा, दांडा त्यात पक्का बसवा, आणि साच्यासकट ढकला. तसंच छोट्या तुकड्यांचं. खेळण्याच्या गाडीचं चाक किंवा चिमणीएवढा तुकडा चिमटीत धरून कापायचा नाही. आधी तो मोठ्या फळीवर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने चिकटवा किंवा मुळात मोठ्या फळीवरच आकार काढून शेवटी सुटा करा. साचा करण्यात अर्धा दिवस जातो खरा, पण पुढची शंभर नगं त्यावर निघतात.

वळणं पात्याच्या रुंदीवर ठरतात. ९ इंची पोळपाटाचा गोल अर्धा इंची पात्याने आरामात निघतो. हत्तीच्या सोंडेचं वळण हवं तर पाव इंची पातं लावावं लागतं, आणि तेही साधारण सव्वा इंच व्यासापेक्षा लहान गोल घेत नाही. त्याहून लहान वळणावर जबरदस्ती केली की पातं पिळवटतं, तापतं आणि तुटतं. आकाराच्या बाहेरच्या बाजूने आधी छोटे छोटे सरळ काप घेऊन ठेवले तर फालतू लाकूड तुकड्यातुकड्याने गळत जातं आणि वळण सोपं होतं. लाकूड मध्येच अडकलं तर चालू यंत्रातून मागे ओढू नका, पातं चाकावरून उतरू शकतं. बंद करा, पूर्ण थांबू द्या, मग सोडवा.

पूर्ण थांबू द्या, याचा अर्थ डोळ्यांनी बघा. बटण बंद केलं तरी चाकं बराच वेळ फिरत राहतात. आवाज गेला म्हणजे पातं थांबलं असं नाही. पातं चालताना ठराविक 'टक टक' ऐकू आलं तर जोडाशी चीर पडली असण्याची शक्यता धरा आणि लगेच बंद करा. पातं तुटलंच तर धाडकन आवाज होतो. तेव्हा मागे सरकायचं, बटण बंद करायचं, आणि चाकं थांबेपर्यंत यंत्राची दारं उघडायची नाहीत. जुनं लाकूड असेल, मोडक्या दाराची चौकट वगैरे, तर खिळे आधी शोधून काढा.

विजेचं प्रकरण आपल्याकडे खास आहे. काम करता करता लाइट जाते, आपण चहाला जातो, बटण चालूच राहतं. लाइट येते तेव्हा यंत्र आपोआप सुरू होतं, आणि त्या वेळी टेबलावर पोरगं खेळत असेल तर? म्हणून बँडसॉला साधं बटण नको, स्टार्टर हवा. शेतातल्या मोटरला असतो तसा, लाइट गेली की सुटणारा आणि पुन्हा हिरवं बटण दाबल्याशिवाय न लागणारा. मात्र रात्रीच्या लाइटसाठी पंपाला 'ऑटो' बसवतात, लाइट आली की मोटर आपोआप सुरू करणारा, तो इथे चुकूनही नको. घरातला जुना पंपाचा स्टार्टर करवतीला लावताना ऑटो काढून टाकलाय ना, हे वायरमनला विचारा. अर्थिंग करून घ्या. पातं बदलताना किंवा ताण बघताना प्लग भिंतीतून काढून तो आपल्या नजरेसमोर ठेवा. पडवीत यंत्र असेल तर लाल बटण कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं, आणि कापणाऱ्या बाईला मागून हाक मारायची नाही हेसुद्धा. समोरून येऊन तिने मान वर करेपर्यंत थांबायचं.

यंत्र घेण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करा. करवत गिरण्यांच्या परवान्याचे नियम कडक आहेत आणि आपलं यंत्र व आपलं लाकूड त्यात बसतं की नाही, हे गटाच्या नावाने लेखी विचारलेलं बरं.

आणि इतकं करूनही लागलंच तर काय? आधी बटण बंद. स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा आणि हात छातीच्या वर उचला. हळद, चुना, कॉफी, तंबाखू यातलं काही भरू नका, डॉक्टरांना तेच आधी धुवत बसावं लागतं. १०८ ला फोन करा. बोट तुटून वेगळं झालं असेल तर ते टाकू नका. स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, पिशवीचं तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या डब्यात ठेवा. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात ठेवलं तर पेशी खराब होतात. नीट थंड ठेवलेलं बोट वेळेत मोठ्या रुग्णालयात पोहोचलं तर जोडलं जाऊ शकतं. जवळच्या कोणत्या रुग्णालयात ही सोय आहे, हे आजच विचारून नंबर यंत्राजवळच्या भिंतीवर लिहा. धनुर्वाताचं इंजेक्शनही विसरू नका.

विम्याचं एक सांगायचं राहिलं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला २० रुपये आपल्यापैकी बहुतेकींच्या खात्यातून कापले जातात, आणि 'अपघात झाला तर पैसे मिळतात' असं आपण धरून चालतो. अपघाती मृत्यू किंवा दोन्ही हात गेले तर २ लाख, आणि एक हात पूर्ण निकामी झाला तर १ लाख, असं त्या योजनेत आहे. एक बोट गेलं तर त्यात काही मिळत नाही. लाकूडकाम करणाऱ्या गटांनी पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत हा विषय घ्यावा. बोटांच्या नुकसानीचीही भरपाई देणारा वेगळा अपघात विमा बँकेत किंवा पोस्टात मिळतो का, हप्ता किती, आणि तो गटाच्या नफ्यातून भरायचा का, हे ठरवायला हवं. ठरेल तेव्हा ठरेल. ढकलकाठी मात्र उद्याच करून टांगा.