मधला फुगा

"ही हीर हाय व्हय? मग पाणी असं फुगून वर का आलंय?"

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण, सतरंजीवर पाय पसरून बसल्या होत्या आणि माझ्या पहिल्या विहिरीच्या बरोबर मध्यावर त्यांचा अंगठा होता. कडेनं टाके घालत मी आत येत गेले, तसं वरचं कापड सुईच्या पुढे सरकत सरकत शेवटच्या वीतभर जागेत येऊन साठलं. पुरीसारखा टम्म फुगा. इकडून दाबला की तिकडून उठायचा. पंधरा दिवस रोज दोन तास बसून केलेलं काम होतं ते.

हिशेब एकदा मांडला होता, तो सांगते. तीन फुटांचा चौकोन, अर्ध्या अर्ध्या इंचावर धावदोऱ्याची एकेक ओळ, म्हणजे कडेपासून मध्यापर्यंत 36 फेरे. फेऱ्यांची लांबी मिळून 200 फुटांच्या वर जाते. इंचाला पाच टाके धरले तर एका विहिरीत 13,000 च्या आसपास टाके पडतात. आत्याबाईंना हा आकडा सांगितला तर म्हणाल्या, "मोजत बसलीस म्हणून येळ लागला."

विषय शोधत मी कुठे गेले नव्हते. साताऱ्याजवळ लिंब गावात बारा मोटेची विहीर आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी शके 1641 ते 1646, म्हणजे 1719 ते 1724 च्या दरम्यान बांधलेली. पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथे नेतो, तशीच एकदा गेले. आतला छोटा महाल, दगडात कोरलेले व्याल हे सगळं पाहून झालं होतं, म्हणून काठावरून नुसतीच खाली वाकले. अष्टकोनाच्या आत सावलीचा अष्टकोन, त्याच्या आत पाण्याचा. मोबाइलवर फोटो काढला. घरी येऊन फोटो पाहत होते तेव्हा मांडीवर आत्याबाईंनी पूर्वी कधीतरी शिवलेली वाकळ होती. तिच्यावरचे टाकेही तसेच, कडेकडेनं वळसे घेत मध्याकडे उतरलेले. आमच्याकडे वाकळ अशीच शिवतात: आधी चारी बाजूंनी कड बांधून घ्यायची, मग फेऱ्याफेऱ्यानं आत जायचं. म्हणजे शिवणारी बाई रोज विहीरच उतरत असते, असं त्या दुपारी मला वाटलं, आणि ते वाटणं काही केल्या गेलं नाही.

क्विल्टिंगची परदेशी पुस्तकं याच्या नेमकं उलट सांगतात. मध्यापासून सुरुवात करा आणि सुरकुत्या बाहेर ढकलत कडेकडे या. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच आहे, फुगा धरत नाही. पण कर्नाटकात हल्याळ, येल्लापूरकडच्या सिद्दी बायका कवंदी शिवतात, त्याही कडेनंच आत येतात, आणि चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची फुलं लावल्याशिवाय त्यांची कवंदी पुरी होत नाही. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड या नदीच्या वळणावरच्या वस्तीत गुलामांच्या वंशातल्या कृष्णवर्णीय बायकांनी कामाच्या विटक्या कपड्यांतून गोधड्या केल्या. 2002 मध्ये त्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या, 2006 मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. त्यांचा एक आवडता घाट 'हाउसटॉप': मधला तुकडा, त्याभोवती पट्ट्यांचे चौकोन, त्याबाहेर आणखी चौकोन. त्यांना त्यात घराचं छप्पर दिसलं. मला विहीर दिसते. वरून पाहणाऱ्याला दोन्हींत फरक कळणार नाही, ही गंमत पुढे मला उपयोगी पडली.

आमच्या घरात हिला वाकळ म्हणतात, पुण्यात गोधडी, आणि भिंतीवर लावली की आर्ट क्विल्ट. किंमतही त्याच क्रमानं चढते.

तर, या विहिरींची मालिका. एकच विषय आठ वेळा करायचा म्हटल्यावर मला वाटलं होतं, आठ वेगवेगळ्या विहिरी शोधाव्या लागतील. पहिल्या तीन तशाच केल्या. लिंबची झाली, मग आमच्या मळ्यातली गोल विहीर. गोल करायला गेलं की सरळ पट्टी कामाला येत नाही, कापड उरेब कापावं लागतं, म्हणजे ते ताणून वळवता येतं. पण उरेब पट्टी हातात नुसती रबरासारखी वागते. आज कापलेली उद्या दोन सूत लांब झालेली असते. ती विहीर थोडी लंबगोल झाली आहे. मी कोणाला सांगत नाही.

तिसरी कोरडी. तिला गाठोड्यातली विटलेली तपकिरी, मातकट पातळं काढली. आत्याबाई शेजारी बसून चिंध्या चाळत होत्या. एका तुकड्यावर त्यांचा हात थांबला. "ह्ये माझं. भात्तरच्या दुष्काळात खडी फोडाय जायची तवाचं." 1972 च्या दुष्काळात त्या पाझर तलावाच्या कामावर होत्या, तिथे मिळणारी सुकडी पोरांसाठी पदरात बांधून आणायच्या. तुकड्याची वीण खांद्यावरच्या जागी विरून जाळीसारखी झाली होती. मी तो बाजूला ठेवायला लागले, जुना आहे, टिकणार नाही. त्या म्हणाल्या, तळाला लाव, तिथं कुणाचा हात लागत न्हाई. लावला. मागून मांजरपाटाचा आधार दिला आणि त्या एका तुकड्यावर ओळी अर्ध्याऐवजी पाव इंचावर घातल्या, म्हणजे टाक्यांनीच तो धरून ठेवावा.

चौथीपासून विहिरी शोधणं थांबलं. आता मी तीच विहीर पुन्हा शिवत होते, बदलत होतं ते कापड. आत्याबाईंच्या सासूची चंद्रकळा मिळाली, तेव्हा रात्रीची विहीर झाली: काळ्यात काळं, आणि वेगळा दिसतो तो फक्त पांढऱ्या दोऱ्याचा टाका. खणाचे तुकडे मिळाले तेव्हा विहिरीच्या कठड्यावर बायकांची गर्दी असावी तशी एक झाली. त्या पाचवीनं मला दगा दिला. खण आधी भिजवून घ्यायचा कंटाळा केला. शिवून झाल्यावर थंड पाण्यातून काढली, तर लाल रंग उतरून शेजारच्या पांढऱ्या पट्ट्यांत गेला. आठ दिवस तिच्याकडे बघवत नव्हतं. आता सगळं कापड आधी रात्रभर भिजवते, ओलं असतानाच पांढऱ्या फडक्यावर घासून बघते. डाग आला की ते कापड बाद.

सातवीत ती छपराची गंमत कामी आली. विहीर तीच, पट्ट्यांची रुंदीही तीच, फक्त गडद आणि फिकं यांची अदलाबदल केली. रात्रीची सोडली तर आधीच्या सगळ्यांत कड उजळ आणि मध्य काळोखा होता. इथे बाहेरच्या पट्ट्या गडद जांभळ्या, करड्या, मग हळूहळू विटका निळा, आणि मध्यभागी धुऊन धुऊन पांढरट पडलेल्या धोतराचा तळहाताएवढा चौकोन. भिंतीला टाचण्यांनी लावली आणि मागे सरकले. मी काठावर नव्हते. मी तळाशी उभी होते आणि वर आभाळ होतं. एकही रेष हलवली नव्हती. हे आधी कागदावर सुचलं असतं असं मला वाटत नाही. सहा वेळा तेच उतरल्याशिवाय वर बघायची बुद्धी झाली नाही.

लटकवण्याचं तंत्र थोडक्यात सांगते. मागे वरच्या कडेला परकराला असतो तसा नेफा शिवायचा, त्यातून लाकडी पट्टी सरकवायची. घडी घालून ठेवायची नाही, घडीवर कापड मोडतं. साडीच्या दुकानातून पुठ्ठ्याच्या नळ्या मागून आणते आणि त्यांवर गुंडाळते. ऊन अजिबात नको.

पहिल्या विहिरीचा फुगा मी उसवणार होते. आत्याबाईंनी थांबवलं नाही, त्यांनी फक्त दिवा लावला. संध्याकाळ झाली होती. बाजूनं उजेड पडला आणि फुग्याच्या एका अंगाला सावली धरली, दुसरं अंग चकाकलं. पाणी हललं. एवढ्या पट्ट्या, एवढे रंग वापरून मला जे जमलं नव्हतं, ते सरकलेल्या अर्ध्या इंच कापडानं केलं होतं. उसवली नाही.

म्हणून आठवीत मला तो फुगा मुद्दाम हवा होता. भरलेली, काठोकाठ आलेली श्रावणातली विहीर करायची होती. वरचं कापड बेतताना चारी बाजूंनी अर्धा अर्धा इंच जास्त ठेवलं, मध्यासाठी जुनं रेशीम काढलं, आणि शिवत आत आले. गेल्या सात विहिरींत डाव्या हाताला सवय लागली आहे. सुईच्या पुढे तो आपोआप कापड चापून, वाटून घेत जातो, मी त्याला सांगत नाही. जास्तीचं अर्धा इंच कापड 36 फेऱ्यांत कुठल्या कुठे जिरलं. मध्यावर पोचले तर रेशीम तव्यासारखं सपाट.

आत्याबाईंनी अंगठा फिरवून पाहिला, एकदा, दोनदा.

"चांगली बसलीय की."

"तेच तर नको होतं, आत्याबाई."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग विहिरीकडे. "मग उसव." आणि सुपारी कातरायला लागल्या.

मंगळवारपासून उसवते आहे. आतून बाहेर, एकेक फेरा. बाविसाव्यापर्यंत आले.