नियंत्रकाचे नाव आणि पत्ता

वर्धा जिल्ह्यात भूगावला पोलाद, तर हिंगणघाटला सूत तयार होते. अशा कारखान्यांत यंत्रे चालविणारे अनेक नियंत्रक एकाच संदेशवाहिनीला जोडलेले असतात. तिला ‘बस’ म्हणतात, एस.टी.शी तिचा संबंध नाही. तिच्यावरून जाणारा आदेश कोणासाठी आहे, हे कळावे म्हणून प्रत्येकाला पत्ता लागतो.

१९७९ साली आलेल्या मॉडबस पद्धतीत तारेवरील उपकरणाचा पत्ता १ ते २४७ यांपैकी एक आकडा असतो. पुष्कळ उपकरणांत तो लहान खटक्यांनी ठरवितात आणि चूक होते ती येथेच. दोघांना एकच आकडा मिळाला, तर दोघेही एकदम उत्तर देतात व मुख्य नियंत्रकाला काहीच उमगत नाही. बिघाड मात्र तारेत शोधला जातो!

इथरनेटवर चालणाऱ्या प्रोफिनेटने नावाला महत्त्व दिले. नवे उपकरण बहुधा निनावीच येते. अंगावर छापलेल्या मॅक क्रमांकावरून ओळखून अभियंता त्याला नाव देतो. मुख्य नियंत्रक त्या नावाने त्याला शोधतो आणि मग आयपी पत्ता देतो. संगणकावरून उपकरणाचा दिवा लुकलुकविण्याचीही सोय आहे. एकसारख्या दहा पेट्यांपुढे उभ्या राहिलेल्यास तिचे मोल कळते.

रात्रपाळीत उपकरण जळाले, तर बदली उपकरणाला तेच नाव द्यावे लागते. एक अक्षर चुकले तरी ते तारेला जोडलेले असून बेपत्ता ठरते. शेजारी कोण, हे आराखड्यात नोंदविलेले असल्यास मुख्य नियंत्रक ते नाव आपणहून देऊ शकतो. पण ती नोंद आधीच करून ठेवावी लागते.