दृश्यपटल दोषनिदान, लॅपटॉपचे

दृश्यपटल दोषनिदान, लॅपटॉपचे : लॅपटॉप संगणकाच्या दृश्यपटलावर प्रतिमा न उमटणे, ती अंधुक दिसणे, लुकलुकणे किंवा तीत रेषा व डाग येणे, या दोषांचे मूळ क्रमाने शोधून काढण्याची पद्धती. दृश्यपटल काळा पडला म्हणजे संगणक निकामी झाला, असे नसते. पुष्कळदा संगणक चालूच असतो व त्यातील माहितीही सुरक्षित असते. चंद्रपूर आणि १९८२ साली त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या वनजिल्ह्यांत हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. भामरागड हे गाव गडचिरोलीपासून दीडशे किमी.हून अधिक दूर असून पर्लकोटा नदीच्या पुरामुळे त्याचा मार्ग अनेक पावसाळ्यांत बंद पडला आहे. अशा ठिकाणाहून यंत्र दुरुस्तीस नेण्यापूर्वी दोष कोठे आहे हे कळल्यास खर्च व खेपा वाचतात. ग्रामसभेचे तेंदू वा बांबूचे हिशेब, विद्यार्थ्याचा प्रबंध यांसारखी माहितीही आधी काढून घेता येते.

रचना : बहुतेक लॅपटॉपांचा दृश्यपटल द्रव स्फटिकांचा असतो. द्रव स्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत. मागील दिव्यांच्या प्रकाशाला ते वाट देतात किंवा अडवितात. हे दिवे पूर्वी बारीक प्रतिदीप्ती नळ्यांचे असत. २०१० च्या सुमारास त्यांची जागा प्रकाश-उत्सर्जक डायोडांनी घेतली. मुख्य मंडलफलकावरील चित्रसंस्कारकाकडून येणारे संकेत बिजागरीतून जाणाऱ्या लवचिक केबलीने पटलाकडे जातात. त्यामुळे दोष पटल, दिवे, केबल, मंडलफलक किंवा आज्ञावली यांपैकी कोठेही असू शकतो.

निदान : प्रथम दर्शक दिवा, पंख्याचा आवाज व कळफलकाचा प्रतिसाद पाहावा. यांपैकी काहीच नसेल, तर दोष विद्युत् पुरवठ्याचा असण्याचा संभव अधिक. यंत्र चालू असेल, तर प्रकाशमान वाढविण्याची कळ दाबून पाहावी. त्यानंतर यंत्र बंद करून चार्जर व शक्य असल्यास बॅटरी अलग करावी, चालू करण्याची कळ सु. ३० सेकंद दाबून धरावी व यंत्र पुन्हा सुरू करावे. अडकून पडलेली स्थिती यामुळे पुष्कळदा सुटते.

अंधाऱ्या खोलीत पटलावर विजेरीचा झोत तिरपा टाकल्यावर पुसट प्रतिमा दिसली, तर मागील दिवे किंवा त्यांचा पुरवठा बिघडलेला असतो. झाकण हळूहळू उघडमीट करताना प्रतिमा येत-जात असेल, तर केबल सैल झालेली किंवा झिजलेली असण्याची शक्यता मोठी. निर्णायक कसोटी बाह्य पटलाची होय : एचडीएमआय केबलीने दूरचित्रवाणी संच जोडल्यावर त्यावर स्वच्छ प्रतिमा आली, तर चित्रसंस्कारक ठीक असून दोष लॅपटॉपच्या पटलाकडील भागात असतो, तेथेही तेच डाग दिसले, तर मंडलफलक किंवा आज्ञावली संशयास्पद ठरते. प्रचालन प्रणाली सुरू होण्यापूर्वीच्या बायोस पडद्यावरही दोष दिसत असल्यास तो सामान्यतः आज्ञावलीचा नसतो. प्रणाली सुरू झाल्यावरच उद्भवत असल्यास चित्रचालक आज्ञावली पुन्हा बसवावी. चार्जर काढताच लुकलुकणे थांबत असेल, तर चार्जर व वीजपुरवठा तपासावा. मात्र बॅटरीवर प्रकाश थोडा मंदावणे हा दोष नव्हे; वीज वाचविण्याची ती योजना असते.

हवामानाचा परिणाम : चंद्रपुरात मे महिन्यात तापमान ४५° से.च्या वर जाते. उन्हात किंवा बंद मोटारीत ठेवलेले पटल अतितप्त झाल्यास द्रव स्फटिकांची मांडणी विस्कळीत होऊन काळे डाग पडतात. ते बहुधा सावलीत निवल्यावर नाहीसे होतात, परंतु वारंवार तापल्याने ध्रुवक पापुद्र्याची कायमची हानी होऊ शकते. खाणी व कच्च्या रस्त्यांची धूळ पंख्यात साचून यंत्र तापते. पावसाळ्यात आर्द्रतेमुळे जोडणीचे धातू गंजतात. थंड खोलीतून बाहेर आणलेल्या यंत्रावर दव जमल्यास ते पूर्ण सुकेपर्यंत चालू करू नये. विजांच्या कडकडाटात चार्जर भिंतीपासून काढून ठेवावा.

दुरुस्ती : केबल किंवा पटल बदलता येते; त्यासाठी संपूर्ण यंत्र टाकून देण्याची गरज नसते. बदली पटलाचा आकार, विभेदन व जोडाच्या पिनांची संख्या जुळणे आवश्यक असते. बॅटरी फुगलेली आढळल्यास यंत्र लगेच बंद करावे. ती टोचू वा दाबू नये. अन्यथा यंत्र दुरुस्तीस देण्यापूर्वी ते बाह्य पटलावर चालवून माहितीची प्रत वेगळ्या साधनावर काढून घेणे हितावह असते.